आल्यावर बघतो

आमचे हे लष्करात गाड्या दुरुस्त करतात. मोठाल्या गाड्या, ज्यांच्या नुसत्या चाकाशी उभं राहिलं तर माझं डोकं चाकाच्या वर जात नाही. वर्कशॉपमध्ये त्यांना सगळे उस्ताद म्हणतात. लग्नानंतर थोड्याच दिवसांत मीही म्हणायला लागले, पण कौतुकाने नाही, टोमणा म्हणून. कारण या उस्तादांनी आमच्या घरातलं एकही काम कधी धड पूर्ण केलेलं नव्हतं.

स्वयंपाकघरातली फळी तीन स्क्रूंवर उभी, चौथ्याची जागा रिकामी. बाथरूमच्या दाराला बाहेरून रंग आणि आतून नुसतं लाकूड. दारावरची बेल वाजायची, पण बटण दाबून जरा वर ढकललं तरच. ही युक्ती माहीत नसलेले पाहुणे बाहेरच ताटकळायचे. दर सुट्टीत उस्ताद एखादं काम काढायचे, घरभर अवजारं पसरायचे आणि निघायच्या दिवशी सगळं तसंच टाकून बॅग उचलायचे. मी दारात उभी राहून आरडाओरडा केला की उत्तर ठरलेलं. "आल्यावर बघतो."

या दोन शब्दांनी माझं किती रक्त आटलंय, ते माझं मला ठाऊक.

मग एकदा त्यांच्या वर्कशॉपातला इलेक्ट्रिशियन घरी आला होता. त्याला तिथे बॅटरी म्हणतात, मी बॅटरीभाऊजी म्हणते. त्याच्यासमोर मी फळीचं गाऱ्हाणं काढलं, तर तो हसायलाच लागला. म्हणाला, "वहिनी, तो आमचा रिवाज आहे. सुट्टीवरून निघताना घरी एक काम अर्धं ठेवायचं. अर्धं काम माणसाला परत ओढून आणतं. जुन्या उस्तादांनी आम्हाला शिकवलं, आम्ही नव्यांना शिकवतो."

"म्हणजे तुम्हा सगळ्यांच्या घरी फळ्या लोंबकळतायत?"

"माझ्या घरी कपाटाला दारच नाही," तो म्हणाला. "बायको बोलत नाही माझ्याशी."

मी कपाळाला हात लावला आणि चहा टाकला. फळीवरचा साखरेचा डबा मात्र त्या दिवसापासून मी जरा जपून काढायला लागले.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे त्यांची गेली सुट्टी. त्या सुट्टीत उस्तादांनी सगळी कामं पूर्ण केली.

आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी फळीला चौथा स्क्रू लागला. मग दार आतून रंगवलं. बेल साध्या बोटाने वाजायला लागली. पंख्याची घरघर गेली, खिडक्यांची कुरकुर गेली, शिलाई मशीनला तेल मिळालं. सासूबाई तर हरखून गेल्या होत्या. आयुष्यभर "तुझ्या बापावर गेलास" असं मुलाला ऐकवणारी बाई जिन्यात उभी राहून शेजारणींना "माझा मुलगा, माझा मुलगा" करत होती. मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचं काम करते. तिथे मीसुद्धा मिरवून घेतलं. म्हटलं, नवरा सुधारला, आता दुरुस्त व्हायचं फक्त माझं तोंड उरलंय.

त्या सुट्टीत भांडण म्हणून झालं नाही. काही म्हणा, "बरं" म्हणायचे. भाजीत मीठ कमी पडलं तरी बरं, भावाने गाडी मागितली तरी बरं. त्यांचा पान्ह्यांचा संच, ज्याला मी झाडू मारताना हात लावला तरी घर डोक्यावर घ्यायचे, तो त्यांनी माझ्या दिराला देऊन टाकला. दिराला ना खिळा ठोकता येतो ना काढता, पण फुकट ते पौष्टिक. संच छातीशी धरून निघून गेले.

रात्री झोपत नव्हते, ते मला दिसत होतं. विचारलं तर म्हणायचे, "उकडतंय." खरं तर काही महिन्यांपूर्वी वर्कशॉपातून बाहेर पडलेल्या एका गाडीचे उतारावर ब्रेक गेले होते. ड्रायव्हर आणि त्याच्या शेजारचा पोरगा, दोघे गेले. ती गाडी उस्तादांनी तपासून पास केली होती. चौकशी झाली, भागच कारखान्यातून सदोष आला होता, वरून बघून कुणालाही कळला नसता, असं निघालं. साहेबांनी पाठ थोपटली. जो तो म्हणाला, "सुटलात उस्ताद." मीही फोनवर तेच म्हणाले. आम्ही सगळ्यांनी मिळून त्यांना असं सोडवलं की त्यांना पुढे बोलायला जागाच उरली नाही.

सुट्टी संपत आली होती. दुसऱ्या दिवशी निघायचं, आणि आदल्या दिवशी सकाळी मी दुकानात जायच्या गडबडीत असताना उस्तादांनी मला हाक मारली. गॅसची तोटी कुठून बंद करायची, फ्यूज उडाला तर कुठला खटका, पाण्याची टाकी कशी रिकामी करायची, एकेक दाखवायला लागले. नुसतं दाखवून थांबले नाहीत. "समजलं? आता तू करून दाखव."

"अहो, मला उशीर होतोय. आल्यावर दाखवा ना, जग कुठे पळून चाललंय?"

"नको. आत्ताच बघून घे."

मी धुसफुसत खटका पाडला, खटका वर केला, तोटी फिरवली. त्यांनी मान हलवली. वर्कशॉपमध्ये बदली झालेला माणूस आपल्या जागी आलेल्याला चार्ज देतो ना, तसं चाललं होतं. मी चपला घातल्या आणि निघाले. जिना उतरताना डोक्यात एकच, बाई गं, या माणसाला मुहूर्त बरा सापडतो.

दुकानात पहिलेच एक आजोबा आले. त्यांना खुर्चीत बसवलं, एक डोळा झाकला. त्यांनी शेवटच्या ओळीपर्यंत अक्षरं धडाधड म्हणून दाखवली. मी तक्ता बदलला तर आजोबा गप्प. बाहेर बसून पाठ केला होता! रोज एखादा असा येतो. परवाना जाईल, नोकरी जाईल, पोरं गाडी चालवू देणार नाहीत, म्हणून माणसं दिसत नसलेलं दिसतंय म्हणतात. मी वैतागून म्हणाले, "आजोबा, सगळं इतकं बरोबर आलं ना, तिथेच मला कळलं."

आणि हे बोलता बोलता मला आमचं घर दिसलं.

फळी. दार. बेल. पान्हे. करून दाखव. आणि "आल्यावर दाखवा" म्हटल्यावर "नको." आमच्या घरात अर्धं असं काहीच उरलेलं नव्हतं.

आजोबांना तसंच सोडून मी घरी पळाले. मालकिणीला काय सांगितलं ते आठवत नाही. वाटेत स्वतःला शंभर शिव्या घातल्या, मग त्यांना घातल्या, मग त्या रिवाजाला. बेल दाबली आणि ती लगेच वाजली, तेव्हा रडूच फुटलं.

उस्ताद स्वयंपाकघरात खाली बसून अवजारं पुसत होते. मी समोर बसले आणि मूर्खासारखी आडून आडून विचारत राहिले. बरं वाटत नाही का? कुणी काही बोललं का? सगळ्याला एकच उत्तर, "ठीक आहे." पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी मला राग आला. देवाशपथ, प्रेम नाही, काळजी नाही, रागच आला. आजवर मी त्यांना कधी अरेतुरे केलं नव्हतं.

"तू मरायचा विचार करतोयस का?"

त्यांच्या हातातलं फडकं थांबलं. ते म्हणाले, "हो."

मला वाटलं होतं, हे ऐकून मी कोसळेन. पण उलट झालं. इतके दिवस घरात कसला तरी वास येतोय आणि कुठून ते सापडत नाही, तसं चाललं होतं. आता निदान जागा सापडली होती. मी विचारलं, ठरवलंय का? त्यांनी सांगितलं. ते इथे लिहिणार नाही, ते कुणाच्या कामाचं नाही. मग बाकीचंही बोलले. डोळे मिटले की ती गाडी उतारावर दिसते. सगळे सुटलास म्हणतात, आणि सुटल्यासारखं फक्त एकाच विचाराने वाटतं. सगळं आवरून ठेवलं म्हणजे माझं ओझं कमी होईल, असा त्यांचा हिशेब.

"माझं ओझं? एक फळी लावून माझं ओझं कमी करणार होतास?" मी म्हणाले. तेव्हा ते रडले. लग्नानंतर पहिल्यांदाच मी त्यांना रडताना बघितलं.

सासूबाई दारात उभ्या होत्या, आम्हा दोघांना पत्ताच नाही. त्या माझ्यावरच घसरल्या. "असले अभद्र शब्द काढतात का तोंडातून? नसलेलं मनात घालतेस त्याच्या?"

"आई, मी नाही घातलं. ते होतंच."

"सैन्यातला माणूस आहे तो. चार दिवस विश्रांती मिळाली की—"

"आई," उस्ताद म्हणाले, "ती बरोबर बोलतेय."

सासूबाई भिंतीला टेकल्या. मग येऊन त्यांच्या शेजारी जमिनीवर बसल्या, गुडघे दुखतात म्हणून एरवी खुर्ची सोडत नाहीत त्या. म्हणाल्या, "मी एवढं कौतुक करत फिरले रे. जिन्यात उभी राहून." आणि त्यांनी मुलाच्या शर्टाचं टोक मुठीत धरलं, ते सोडलंच नाही.

आता फोन. वर्कशॉपच्या कुटुंबमेळाव्यात आम्हा बायकांना कॉफीचा एकेक मग दिला होता, त्यावर मदतीचा नंबर छापलेला. तो मग काढला तर शेवटचे आकडे घासणीने गेलेले. छापणाऱ्याच्या अकलेची आरती ओवाळावी! मी वर्कशॉपच्या कार्यालयात फोन लावला. कारकून म्हणाला, साहेब बैठकीत आहेत.

"फार तातडीचं आहे. माझ्या नवऱ्याच्या मनात जीव द्यायचं आहे."

तो खालच्या आवाजात म्हणाला, "बाई, बैठक त्याच विषयावर आहे. वरून पत्र आलंय. संपेपर्यंत आत सोडत नाहीत कुणाला."

"मग आत जाऊन त्यांना सांगा की विषय घरी वाट बघतोय."

"तक्रार म्हणून लिहून घेऊ का?"

मी फोन ठेवला. मला ओरडावंसं वाटत होतं, पण शेजारी दोघं बसलेली. बॅटरीभाऊजींना लावला. त्यांनी सगळं ऐकून एवढंच विचारलं, "आत्ता त्याच्याजवळ कोण आहे?" मी म्हटलं, आम्ही दोघी. "एकटं सोडू नका. मी गाडी घेऊन येतो. लष्करी इस्पितळात मनाच्या डॉक्टरीणबाई आहेत, त्यांना कळवतो."

उस्तादांनी मान हलवली. "नको. कागदावर येईल. वर्कशॉपात तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

"तोंड तरी राहील ना," मी म्हणाले. सासूबाईंनी मला दटावलं नाही.

भाऊजी आले. त्यांनी उस्तादांचा हात धरला आणि म्हणाले, "चल. मीच नेतो तुला. माझीही तिथली वाट पाठ आहे. गेली दोन वर्षं जातोय मी त्या बाईंकडे."

उस्ताद त्यांच्याकडे बघतच राहिले. मीही. "दोन वर्षं? आणि मला कपाटाच्या दाराच्या गोष्टी सांगत होतात?"

"वहिनी, सांगतो कोण?"

हेच तर! एकाच बाकावर शेजारी शेजारी बसून दोघं डबे खाणार, एकमेकांच्या इंजिनात डोकं घालणार, आणि एकालाही दुसऱ्याचा पत्ता नाही. गाडीत मी भाऊजींना इतकं बोलले, की उस्तादच शेवटी म्हणाले, "पुरे गं, तो गाडी चालवतोय." सासूबाई मागे त्यांचा शर्ट धरून बसल्या होत्या. कित्येक दिवसांत उस्तादांनी पहिल्यांदाच मला "पुरे" म्हटलं होतं. मला ते इतकं गोड लागलं की मी खरंच गप्प बसले.

डॉक्टरीणबाई लहानखुऱ्या होत्या, फार बोलल्या नाहीत. उस्तादांना आत बसवून बराच वेळ ऐकलं, मग आम्हा दोघींना बोलावलं. सासूबाईंनी तेच विचारलं, हिने शब्द उच्चारला म्हणून तर नाही ना झालं? त्या म्हणाल्या, "विचारल्याने कुणाच्या डोक्यात नवं काही शिरत नाही, आजी. आत असलेल्याला बाहेर यायला वाट मिळते." सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं नाही, पण बाहेर आल्यावर माझी पिशवी स्वतः उचलली.

मग इस्पितळ, गोळ्या, बोलणं, झोप. आधी तिथे, मग घरी. एका दिवसात काही झालं नाही. बरे दिवस आले, त्यांच्यामागून वाईट आले. कधी वाटायचं सुटलो, आणि दुसऱ्या दिवशी ते भिंतीकडे तोंड करून पडलेले असायचे. दीर पान्हे परत द्यायला तयार नव्हते, "दादाने प्रेमाने दिलेत" म्हणत होते. सासूबाईंनी त्यांना फोनवर अशा शब्दांत समजावलं की संध्याकाळच्या आत संच दारात.

वर्कशॉपचे साहेब घरी आले. चांगला माणूस आहे, पण सोफ्याच्या टोकावर बसून त्यांनी तेच सुरू केलं. "आम्हाला कल्पनाच आली नाही. हा तर आमचा सगळ्यात शिस्तीचा माणूस. सुट्टीवर निघताना याने अवजारांचा चार्ज असा दिला, असा दिला, की मी सगळ्यांना बोलावून दाखवला. म्हटलं, याच्याकडून शिका."

मी म्हणाले, "साहेब, गाडी तुमच्याकडे आली की धावत असली तरी तुम्ही खालून वाकून बघता. माणूस मात्र चकाचक दिसला की टाळ्या."

साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "त्या दिवशी बैठकीतून मला बाहेर बोलवायला हवं होतं."

"बोलावलं होतं."

साहेब तसेच उठून गेले. पण त्या कार्यालयात आता असा फोन आला तर कुठलीही बैठक मोडायची, असा हुकूम निघाल्याचं भाऊजींनी सांगितलं. उस्तादांना बंदूक घेऊन पहारा द्यायच्या कामातून मोकळं केलं, आणि दर आठवड्याला डॉक्टरीणबाईंकडे जायची सवड कागदावर दिली. कागदावर आलं आणि आभाळ कोसळलं नाही. उलट वर्कशॉपातले आणखी दोघं हळूच भाऊजींना पत्ता विचारून गेले.

परत कामावर जायचा दिवस ठरला. डॉक्टरीणबाईंनी मला बजावलं होतं, "स्क्रू मोजत बसू नका. त्यावरून काही ठरत नाही. शंका आली की सरळ विचारा." सांगायला काय जातंय! निघायच्या दिवशी मी पहाटेपासून घरभर फिरत होते. सगळं जागच्या जागी, सगळं पूर्ण. या वेळी त्यांनी कुठलं काम काढलंच नव्हतं, म्हणून अर्धं राहायचा प्रश्नच नव्हता. हे मला कळत होतं, तरी मी फिरतच राहिले.

बॅग दारात आली. मी विचारलं, तसंच, तेच शब्द, सासूबाईंच्या समोर. आता त्या दचकत नाहीत.

"नाही," उस्ताद म्हणाले. "आज नाही. मधे दोनदा आलं मनात, तेव्हा डॉक्टरांना फोन केला. परत आलं तर आधी तुला करीन."

"नक्की?"

"नक्की. काय बाई तू. काम अर्धं ठेवलं तरी जाच, पूर्ण केलं तरी जाच."

मी डोळे पुसले आणि म्हणाले, "बाथरूमचा नळ गळतोय."

"काल तर गळत नव्हता."

"आज गळतोय."

त्यांनी बॅग खाली ठेवली, आत जाऊन वाकून बघितलं. बाहेर आले ते माझ्याकडे रोखून बघत. "नळावर पान्ह्याचे ओरखडे आहेत. माझा पान्हा घेतलास? तोही उलटा धरून?"

सासूबाई खिडकीबाहेर बघायला लागल्या. पान्हा शोधून त्यांनीच दिला होता.

उस्तादांनी बॅग खांद्याला लावली. हसू दाबायचा प्रयत्न चालला होता, तो काही जमत नव्हता. दोन पायऱ्या उतरले आणि मागे वळून म्हणाले, "राहू दे. आल्यावर बघतो."

नळ अजून गळतोय. खाली बादली ठेवलीय, ती भरली की सासूबाई कुरकुरत रिकामी करतात. शेजारणीने प्लंबरचा नंबर दिला, तो मी तिला परत देऊन टाकला.